आधी जहाजे मोजा

गेल्या तीन-चार वर्षांत लोकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे. कधी व्याख्यान संपल्यावर, कधी लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्याने, एकदा तर दवाखान्यात नंबराची वाट बघताना. "शिपिंग कंपनीचा शेअर चारच्या पी-ईला मिळतोय. बाकीचा बाजार वीस-पंचवीसला आहे. घेऊन टाकू ना?" विचारणारा बहुधा निवृत्त शिक्षक असतो, बँकेतला असतो, नाहीतर नुकता नोकरीला लागलेला मुलगा. त्याने कंपनीचे तीन वर्षांचे निकाल पाहिलेले असतात, कर्ज पाहिलेले असते, लाभांश पाहिलेला असतो. आकडेमोड बरोबर असते. आणि तरीही मला त्याला सांगावे लागते की जरा थांबा, पी-ई म्हणजे शेअरची किंमत भागिले दर शेअरचा नफा, हे माप या मालाचे नव्हे.

का, ते उभ्याउभ्या सांगता येत नाही. दोन वाक्यांत सांगितले तर समोरच्याला वाटते आपल्याला टाळले. अर्धा तास घेतला तर पंगत उठते. म्हणून हे पुस्तक लिहिले.

मी एकतीस वर्षे मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाजदलालीच्या कचेरीत काढली. ज्याच्याकडे माल आहे आणि ज्याच्याकडे जहाज आहे अशा दोघांची गाठ घालून देणे हे आमचे काम. लोहखनिज विशाखापट्टणमहून चीनला जायचे आहे, कोळसा इंडोनेशियाहून मुंद्र्याला यायचा आहे. त्या तारखांना कोणते जहाज आसपास रिकामे होते आहे, मालक काय मागतो आहे, मालवाला कुठवर चढेल, यातच दिवस जायचा. दिवसाचा शेवट मात्र ठरलेला असे. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजचा निर्देशांक तिकडे दुपारी एक वाजता जाहीर होतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात. शिपायापासून मालकापर्यंत कोणीही तो आकडा कळल्याशिवाय टेबल आवरत नसे.

हा निर्देशांक म्हणजे धान्य, कोळसा, खनिज असा सुटा माल वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा भाव. ४ जानेवारी १९८५ रोजी तो १,००० धरून सुरू केला. २० मे २००८ रोजी तो ११,७९३ वर होता. त्यानंतरच्या जूनच्या सुरुवातीला केपसाइझ जहाज, म्हणजे पावणेदोन लाख टनांच्या आसपास माल घेणारे मोठे धूड, एका दिवसाला २ लाख ३० हजार डॉलरच्या वर भाडे मिळवत होते. ५ डिसेंबरला तोच निर्देशांक ६६३ वर आला आणि त्याच जहाजाला दिवसाला तीन हजार डॉलरही मिळेनात. साडेसहा महिने. जहाजे तीच, कप्तान तेच, समुद्र तोच. त्या डिसेंबरमध्ये आमच्या कचेरीत फोन वाजायचे थांबले होते, ती शांतता मला अजून आठवते.

त्या वर्षी मी स्वतःचे पैसे घालवले. ते इथे लिहायलाच हवे, कारण या पुस्तकाचे मूळ त्यात आहे. एका कंपनीचे शेअर मी २००७च्या दिवाळीत घेतले होते. नफा दरवर्षी दुप्पट होत होता, पी-ई पाचच्या खाली होता, आणि रोजचे भाडे तर मला बाहेरच्या कोणापेक्षाही आधी कळत होते. कंपनीच्या वार्षिक अहवालात एक पान होते: नवीन बांधायला टाकलेल्या जहाजांची यादी, प्रत्येकाची किंमत, ताबा कधी मिळणार ते वर्ष, आणि त्यासाठी उभे केलेले कर्ज. ते पान मी वाचले होते. वाचून मला आनंद झाला होता, कंपनी वाढते आहे म्हणून. ती जहाजे २०१० आणि २०११ साली, पडलेल्या बाजारात, चढ्या भावाची बिले घेऊन हजर झाली. कर्जाचे हप्ते भाड्याहून मोठे होते. पुढे त्या शेअरचे काही उरले नाही. माझ्या हातात सगळी माहिती होती. ती कोणत्या क्रमाने वाचायची तेवढे माहीत नव्हते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. कारखाना माल बनवतो, मागणी घटली तर पाळ्या कमी करतो. जहाजधंद्यात तसे होत नाही. जहाज बांधायला टाकल्यापासून हातात यायला दोन-तीन वर्षे लागतात आणि एकदा पाण्यात उतरले की ते वीस-पंचवीस वर्षे धावते. जगातल्या एकूण मालाला जेवढी जहाजे लागतात त्यापेक्षा शंभरात चार जास्त असली तर प्रत्येक मालक, जहाज रिकामे उभे राहू नये म्हणून, भाडे पाडत पाडत रोजच्या खर्चापर्यंत आणतो. आणि शंभरात दोन कमी पडली तर मालवाल्यांमध्ये जहाजासाठी ओढाताण सुरू होते, कारण पोलाद कारखान्याची भट्टी खनिजाअभावी थंड पडू देण्यापेक्षा तिप्पट भाडे देणे परवडते. भाडे सरळ वर चढत नाही की सरळ उतरत नाही. ते कित्येक वर्षे तळाशी सरपटते आणि मग एका वळणावर उभे राहते.

त्यात खर्चाची बाजू पक्की असते. समजा एका जहाजाला खलाशांचे पगार, विमा, दुरुस्ती, वंगण यांवर दिवसाला ७ हजार डॉलर लागतात आणि कर्जाचा हप्ता-व्याज धरून आणखी ८ हजार. म्हणजे १५ हजारांवर बरोबरी. भाडे १८ हजार मिळाले तर ३ हजार उरले. भाडे २४ हजार झाले, म्हणजे फक्त एक तृतीयांशाने वाढले, तर ९ हजार उरले. शिल्लक तिप्पट झाली. आणि भाडे १२ हजारांवर आले तर रोज ३ हजारांचा खड्डा. आता असा शिखरावरचा नफा घेऊन शेअरच्या किमतीला भागले की उत्तर तीन किंवा चार येणारच. तो पी-ई सांगतो की बाजाराला हा नफा टिकणार नाही हे ठाऊक आहे. उलट तळाशी, कंपनी तोट्यात असताना, पी-ई काढताच येत नाही, आणि नेमका तोच काळ बहुतेकदा विकत घेण्याचा असतो.

ग्रेट ईस्टर्न शिपिंगचे उदाहरण घेऊ, कारण मराठी वाचकाला ते नाव ओळखीचे आहे आणि कंपनीचे कागद सहज मिळतात. १९४८ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी. पहिल्या जहाजाचे नाव 'जग विजय', आणि तेव्हापासून तिच्या जहाजांची नावे 'जग'ने सुरू होतात. २०१६-१७ साली, भाडी रसातळाला असताना, या कंपनीने मोठ्या संख्येने वापरलेली जहाजे घेतली. फेब्रुवारी २०१६ मध्ये बाल्टिक निर्देशांक २९० पर्यंत गेला होता, म्हणजे आजवरचा नीचांक. खरेदीची वेळ याहून चांगली मिळणे कठीण. पण त्यानंतर लगेच नफा आला का? २०१७-१८ आणि २०१८-१९ ही दोन्ही वर्षे तोट्याची गेली. २०२१-२२ साली एकत्रित नफा साधारण ६३० कोटी रुपये होता. २०२२-२३ साली तो अडीच हजार कोटींच्या वर गेला. २०२० च्या मार्चमध्ये शेअर दोनशे रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या जुलैत चौदाशेच्या पुढे. ज्याने नफ्याचा आकडा पाहून शेअर घ्यायचे ठरवले तो २०२३ साली आला. ज्याने जहाजांच्या किमती पाहिल्या तो चार वर्षे आधी आला, आणि त्या चार वर्षांत त्याला घरच्यांचे बोलणे ऐकावे लागले असणार. हा शेअर घ्या असे मी सांगत नाही. या पुस्तकात कोणताच शेअर घ्या किंवा विका असे कुठे लिहिलेले नाही.

जहाजांच्या किमती म्हणजे काय, हा या पुस्तकाचा गाभा आहे. जहाज ही मालमत्ता मोठी चमत्कारिक आहे. ती घरासारखी विकता येते, तिचा रोजचा बाजारभाव दलालांकडे असतो, आणि तीच मालमत्ता सिंगापूरला विकली काय किंवा पिरिअसला, किंमत जवळपास सारखीच मिळते. असा उघडा बाजार सिमेंटच्या कारखान्याला नाही. त्यामुळे शिपिंग कंपनीची किंमत काढायला नफ्याचे अंदाज बांधत बसण्याची गरज नाही. एकेक जहाज घ्या, आजच्या बाजारात त्याला काय मिळेल ते मांडा, बेरीज करा, त्यात रोकड मिळवा, कर्ज वजा करा, शेअरच्या संख्येने भागा. झाले. धंद्यातले लोक याला नेट अॅसेट व्हॅल्यू, म्हणजे एनएव्ही म्हणतात. ग्रेट ईस्टर्न तो आकडा दर तिमाहीला स्वतःच जाहीर करते, आणि शेअरचा भाव बऱ्याचदा त्याच्या खाली राहतो.

हा हिशेब एकदा हाताने केला की कर्जाची भीती खरी वाटू लागते. समजा दोन कंपन्या आहेत. प्रत्येकीकडे दहा जहाजे, प्रत्येक जहाज ४ कोटी डॉलरचे, म्हणजे एकूण ४० कोटी. रोकड ४ कोटी. पहिलीवर कर्ज १६ कोटी, दुसरीवर ३० कोटी. पहिलीची निव्वळ किंमत २८ कोटी, दुसरीची १४ कोटी. आता जहाजांचे भाव तीस टक्क्यांनी उतरले. या धंद्यात हे एका हंगामात होते. पहिलीचे २८ चे १६ झाले. दुखले, पण कंपनी उभी आहे. दुसरीचे १४ चे २ झाले. दुसरीची बँक आता फोन करणार, कारण कर्जाच्या करारात जहाजाची किंमत कर्जाच्या अमुक पट राहिली पाहिजे असे कलम असते. मग ती कंपनी पडलेल्या भावात जहाजे विकणार, आणि ती कोण घेणार? पहिली कंपनी. दोघींच्या नफ्या-तोट्याचे पत्रक चढत्या काळात जवळजवळ सारखे दिसते. उलट, दुसरीचा भांडवलावरचा परतावा जास्त दिसतो आणि तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत जास्त छापून येते.

आपल्याच शहरात असे घडले आहे. मर्केटर लाइन्स ही मुंबईची कंपनी २००८ पर्यंतच्या तेजीच्या वर्षांत गुंतवणूकदारांची लाडकी होती. मंदीत कर्ज पेलवेना आणि २०२१ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जगाच्या पातळीवर कोरियाची हानजिन पाहा. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी जगातल्या सातव्या क्रमांकाच्या या कंटेनर कंपनीने न्यायालयात संरक्षण मागितले. बंदराचे पैसे कोण देणार हे ठरेना म्हणून तिची जहाजे बंदराबाहेर समुद्रात उभी राहिली, माल पोटात, खलाशी वर. आणि बरोबर सहा वर्षांनी, २०२२ साली, त्याच कंटेनरच्या धंद्यात मेर्स्क या कंपनीने २९ अब्ज डॉलरचा नफा कमावला. दोन्ही गोष्टी एकाच धंद्याच्या आहेत हे गुंतवणूकदाराने मनात एकत्र धरायला शिकले पाहिजे.

जहाजाच्या भावाच्या दोन टोकांबद्दल थोडे इथेच सांगतो. वरचे टोक: २००८ च्या तेजीत पाच वर्षे वापरलेले केपसाइझ नव्या जहाजापेक्षा महाग विकले जात होते. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण नवे जहाज तीन वर्षांनी मिळणार होते आणि जुने आज बंदरात उभे होते, आणि आज उभे असलेले जहाज दिवसाला दोन लाख डॉलर आणत होते. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग झाली की बाजार वर्तमानाच्या मोहात पूर्ण बुडाला आहे असे समजावे. खालचे टोक गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर आहे. १९८३ पासून तिथे जगभरची जहाजे भरतीच्या पाण्यावर चढवून कापतात. मोठ्या तेलवाहू जहाजात चाळीस हजार टनांच्या आसपास पोलाद असते. भंगाराचा भाव टनाला ५०० डॉलर धरला तर २ कोटी डॉलर होतात. जुन्या जहाजाची किंमत या आकड्याच्या जवळ आली की आणखी खाली जायला जागा फार थोडी असते. म्हणून मी कोणत्याही ताफ्याचा हिशेब करताना समोर दोन रकाने ठेवतो, आजचा भाव आणि अलंगचा भाव, आणि दोहोंतले अंतर बघतो.

तिसरा रकाना असतो तो येणाऱ्या जहाजांचा. जगभरच्या गोद्यांत किती जहाजे बांधायला पडली आहेत ते चालू ताफ्याच्या टक्केवारीत मांडायचे. बहुतेक सगळी बांधणी चीन, कोरिया आणि जपान या तीनच देशांत होते, त्यामुळे हा आकडा लपत नाही. २००८ साली बांधायला टाकलेल्या सुट्या मालाच्या जहाजांचे प्रमाण चालू ताफ्याच्या निम्म्याहून कितीतरी वर गेले होते. उलट २०२२-२३ साली तेलवाहू जहाजांची तीच टक्केवारी पाचच्याही खाली होती, कित्येक दशकांत सर्वांत कमी. या एका आकड्याने मला जेवढे वाचवले आहे तेवढे कोणत्याही तज्ज्ञाच्या भाकिताने नाही. मागणीचे भाकीत कोणालाच करता येत नाही. पुरवठा मात्र तीन वर्षे आधी डोळ्यांसमोर बांधला जात असतो.

मागणी कशी अवचित येते ते पाहा. जहाजाचे काम टनांत मोजून भागत नाही, टन गुणिले मैल असे मोजावे लागते. तेल तेवढेच, पण ते लांबून आणावे लागले की जहाजे जास्त लागतात. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यानंतर ५ डिसेंबर २०२२ पासून युरोपने रशियाचे समुद्रमार्गे येणारे कच्चे तेल बंद केले. जे तेल बाल्टिक समुद्रातून जवळच्या रॉटरडॅमला जायचे ते वळसा घालून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊ लागले, आणि युरोपला तेल आणखी दुरून आणावे लागले. त्यासाठी जगाने जास्त तेल जाळण्याची गरज पडली नाही. जहाजे मात्र कमी पडली. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालण्याची पाळी आली आणि पुन्हा तेच घडले.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र पडले. तिघे खलाशी गेले. उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने वाचवले. त्या दिवसांत शिपिंगचे शेअर चढत होते. कोकणात अजूनही मुलगा मर्चंट नेव्हीत असला की "बोटीवर आहे" म्हणतात. रत्नागिरी आणि रायगडच्या कित्येक घरांत ते वाक्य तीन पिढ्या चालत आले आहे. २०२० साली महामारीत बंदरांनी दारे लावली तेव्हा जगभर चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही जहाजावर अडकून पडले होते. ताळेबंदात हे लोक 'क्रू खर्च' या एका ओळीत मावतात. मी वाचकाला विनंती करतो की ती ओळ नुसती बघून पुढे जाऊ नये. जी कंपनी त्या ओळीत काटकसर दाखवून नफा फुगवते तिचे जहाज पुढे बंदरात तपासणीत अडकते, तिला चांगला मालवाला मिळत नाही, तिचा विमा महागतो. पण हे सगळे झाले नाही तरी ती ओळ माणसांची आहे.

आपल्याकडे शिपिंगचा शेअर हा नुसत्या नफ्याचा विषय कधीच नव्हता, आणि म्हणून या पुस्तकात एक मोठे प्रकरण इतिहासाला दिले आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडची 'लॉयल्टी' ही आगबोट घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. त्याच वर्षी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि तिचे शेअर लोकांनी स्वदेशीच्या भावनेने घेतले. समोर होती लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया कंपनी. तिने भाडी पाडली. शिवाय तिच्याकडे एक हत्यार होते: मालवाल्याने ठरावीक काळ फक्त ब्रिटिश कंपन्यांच्याच बोटींतून माल पाठवला तर भाड्याचा काही भाग काही महिन्यांनी परत. एकदा जरी सिंदियाच्या बोटीत माल चढवला की ती साठलेली सवलत बुडाली. मला हा प्रसंग आजच्या गुंतवणूकदारासाठी फार मोलाचा वाटतो. उत्तम नेतृत्व, लोकांचा पाठिंबा, भरपूर माल, सगळे होते. आणि तरीही भाडे ठरवण्याची ताकद कंपनीच्या हातात नव्हती. आजही कोणत्याही शिपिंग कंपनीच्या हातात ती नाही. फक्त तेव्हा ती एका लॉर्डकडे होती, आज ती बाजाराकडे आहे.

स्वातंत्र्यानंतरचीही एक गोष्ट प्रकरणात आली आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी कर्जाच्या जोरावर जयंती शिपिंग झपाट्याने वाढली आणि १९६६ साली सरकारलाच ती ताब्यात घ्यावी लागली. पुढे ती शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. शिपिंग कॉर्पोरेशन ही स्वतः २ ऑक्टोबर १९६१ ची, ईस्टर्न आणि वेस्टर्न या दोन सरकारी महामंडळांच्या विलीनीकरणातून झालेली. आज तिच्यात सरकारचा वाटा ६३.७५ टक्के आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यासाठी जमिनी-इमारती वेगळ्या कंपनीत काढल्या आणि त्या कंपनीचे शेअर मार्च २०२४ मध्ये बाजारात आले. शिपिंग कॉर्पोरेशनच्या शेअरचा भाव अनेक महिने भाड्यापेक्षा विक्रीच्या बातम्यांवर हलला. अशा शेअरमध्ये जहाजे मोजून भागत नाही, दिल्लीकडेही पाहावे लागते. ते ज्याला जमते त्याने करावे, मला कधी जमले नाही.

एक गोंधळ मात्र आधीच दूर केला पाहिजे, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. बाजारात 'शिपिंग' म्हणून एकाच टोपलीत टाकल्या जाणाऱ्या कंपन्यांचे धंदे एकमेकांपासून फार दूर आहेत. माझगाव डॉक आणि कोचीन शिपयार्ड जहाजे बांधतात. त्यांचे भवितव्य बऱ्याच अंशी नौदलाच्या मागणीवर आहे. बंदर चालवणारी कंपनी हाताळणीचे पैसे घेते. तिचे उत्पन्न बरेच स्थिर. समुद्रातल्या तेलविहिरींना बोटी आणि रिग पुरवणाऱ्यांचा धंदा तेल कंपन्यांच्या खर्चावर चालतो. जहाजमालक कंपनी या तिन्हींहून वेगळी. न्हावा-शेवाला कंटेनर वाढले ही बातमी वाचून कोणी तेलवाहू जहाजांच्या कंपनीचा शेअर घेतला तर त्याने चुकीच्या दारावर टकटक केली आहे. आणखी एक: भारताचा समुद्रमार्गे होणारा परदेशी व्यापार प्रचंड आहे, पण त्यातला फार थोडा भाग भारतीय झेंड्याची जहाजे वाहतात. त्यामुळे भारताचा व्यापार वाढला म्हणजे भारतीय शिपिंग कंपन्या वाढल्या, असा सरळ धागा जोडता येत नाही. आपल्या कंपनीचे जहाज ब्राझीलहून चीनला खनिज नेत असते आणि त्याचे भाडे लंडनच्या भावावर, डॉलरमध्ये ठरते.

कराबद्दल थोडक्यात. २००४ पासून आपल्याकडे टनेज कर आहे. कंपनी नफ्यावर कर न भरता जहाजांच्या टनांवर ठरलेली छोटी रक्कम भरते, नफा असो वा तोटा. त्या बदल्यात नफ्याचा किमान वीस टक्के भाग राखून ठेवून आठ वर्षांत जहाजांवरच खर्च करावा लागतो. याचा अर्थ शिपिंग कंपनीचा नफा आणि इतर कंपनीचा नफा शेजारी ठेवून तुलना केली तर ती आधीच तिरपी असते. आणि सगळा नफा लाभांश म्हणून वाटून टाकावा अशी अपेक्षाही चालत नाही. कंपनीला जहाजे घ्यावीच लागतात. केव्हा घेते, एवढेच आपण पाहायचे.

व्यवस्थापन ओळखण्याची माझी खूण हीच आहे. भाषणे, सादरीकरणे, भविष्यातल्या वाढीचे आराखडे मी बाजूला ठेवतो आणि गेल्या वीस वर्षांतल्या खरेदी-विक्रीची यादी काढतो. कंपनीने २००७ साली काय केले? २०१६ साली काय केले? सगळे घेत असताना तिने विकले का? सगळे विकत असताना तिच्याकडे रोकड होती का? रोकड हातात ठेवून वर्षानुवर्षे गप्प बसणे हे जहाजमालकासाठी सर्वांत कठीण काम आहे, कारण भागधारकच त्याला विचारत राहतात की पैसा झोपवून का ठेवला. आपण लहान भागधारक त्या प्रश्नात सामील झालो नाही, तरी पुष्कळ होईल.

हे पुस्तक वाचायला बसताना एक वही आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही शिपिंग कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल जवळ ठेवा. अध्यक्षांचे निवेदन आणि नफ्याचे आलेख ओलांडून ताफ्याची यादी असलेले पान काढा. वहीत आडव्या रेघा आखा आणि पहिल्या ओळीत पहिल्या जहाजाचे नाव लिहा. त्यापुढे प्रकार, त्यापुढे किती टनांचे, त्यापुढे कोणत्या वर्षी बांधलेले. आजचा भाव आणि अलंगचा भाव हे रकाने कोरे सोडा. ते कसे भरायचे ते पहिल्या प्रकरणात आहे.